सायकल ट्रॅक, दोन वर्षं वापरून : पाचपैकी दोन तारे

मिक्सर घ्यायचा तर आपण दहा जणांना विचारतो. मिळकतकर भरताना कुणालाच विचारत नाही, आणि त्या पैशातून आलेली वस्तू कशी निघाली हेही कुणी लिहीत नाही. माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, निवृत्त झाले तरी खोड जात नाही. म्हणून हा रिव्ह्यू.

घराजवळच्या मोठ्या रस्त्याच्या कडेचा सायकल ट्रॅक मी दोन वर्षं, आठवड्यातून चार-पाच दिवस वापरते आहे. घर ते मंडई, मंडई ते आईकडे, तिथून परत. रस्त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यातल्यांनी आपापल्या जवळचा घालून वाचावं, फार अडणार नाही. सायकल बिनगिअरची लेडीज, पुढे बास्केट, मागे कॅरिअर. तिचं वय नऊ, माझं एकसष्ट.

आधी तोंडाशी ठोकलेल्या खांबांबद्दल. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून ते बसवलेत, कल्पना चांगली. पण पहिल्याच आठवड्यात माझं बास्केट दोनदा अडकलं, तेव्हा शिवणाची टेप नेऊन मोजलं. दोन खांबांमध्ये ६१ सेंटिमीटर. माझं हँडल ५८. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर उरतात, तेवढ्यात हँडलला मेथीची जुडी जरी लटकवली असेल तरी उतरायला लागतं. स्कूटरवाल्यांना खांबांची काहीच अडचण नाही, ते पुढच्या सोसायटीच्या गेटसमोरच्या उतारावरून आरामात आत येतात. मागच्या पावसाळ्यात एकजण समोरून, म्हणजे उलट्या दिशेने, हॉर्न देत आला आणि म्हणाला, "काकू, जरा साइडला घ्या." मी म्हटलं, "अरे बाळा, ही साइडच आहे." त्याच्या डोक्यावरून गेलं. हेल्मेट नव्हतं, तरीही.

आतला रस्ता पेव्हिंग ब्लॉकचा. नवा होता तेव्हा लाल-करडा, सरळ रेषेत, बघायला छान. आता जिथे जिथे चेंबर आहे तिथे भोवतीचे ब्लॉक खचलेत आणि झाकण चार बोटं वर उरलंय. सायकल चालवणाऱ्यांनाच हे कळेल : खड्डा दिसतो, चुकवता येतो, वर आलेलं झाकण संध्याकाळी सावलीत दिसत नाही, एकदम मनगटात कळ जाते. बसथांब्यापाशी ट्रॅक थांब्याच्या मागून जायचा, तिथे आता उसाचा रस आणि तीन खुर्च्या. रसवाला भला माणूस आहे, मला पाहिलं की एक खुर्ची उचलतो.

पहिले चारशे मीटर मात्र झकास आहेत. दोन्ही बाजूंना पर्जन्यवृक्ष, एप्रिलमध्ये दुपारी बारालाही सावली, आणि चौकापर्यंत एकही चेंबर नाही. तेवढ्या पट्ट्यावर मला लहानपणीचं पुणं आठवतं. वडिलांच्या सायकलला तेव्हा पालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा, सायकलचा कर भरल्याची खूण. तो बिल्ला अजून माळ्यावरच्या डब्यात आहे. म्हणजे सायकलवाले कर भरत होते तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा ट्रॅक नव्हता, आणि अख्खा लक्ष्मी रस्ता त्यांचाच होता. आता ट्रॅक आहे.

आता पैशाचं. इथे मला जरा जास्त लिहायचंय, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

ट्रॅक बांधायला पैसे नाहीत, हे खरं नाही. २००६ च्या सुमारास जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची, कामं सुरू झाली, सातारा रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅकही झाले. त्या योजनेत पुण्याएवढ्या शहराला केंद्राकडून ५० टक्के, राज्याकडून २० टक्के मिळायचे, पालिकेने घालायचे ३०. म्हणजे शंभर रुपयांची वस्तू तीस रुपयांत. कोण नाही म्हणेल? पुढे डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, शहराचा सायकल आराखडा मंजूर केला : सुमारे ८२४ किलोमीटरचं जाळं, खर्चाचा अंदाज ३३५ कोटींच्या घरात. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकली आल्या. नंतर पिवळ्या आल्या, केशरी आल्या. आमच्या सोसायटीतली पोरं मोबाइलवरून कुलूप उघडून दाखवायची, मलाही एकदा दिली होती. सीट माझ्यासाठी फार उंच. थोड्याच काळात सगळ्या दिसेनाशा झाल्या.

पण ट्रॅक झाडायला दिल्लीहून पैसे येत नाहीत. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर बांधणं भांडवली खर्चात जातं, त्यासाठी वरून अनुदान मिळतं, फीत कापता येते, फोटो येतो. देखभाल-दुरुस्ती महसुली खर्चात, ती सगळी आपल्याच खिशातून, आणि खचलेलं झाकण सारखं केलं म्हणून कुणी फीत कापत नाही. शिवाय तरतूद झाली म्हणजे खर्च झाला असंही नाही. अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, मग ते मुख्य सभेत जातं. वर्षभरात मात्र 'वर्गीकरण' नावाचा एक शब्द येतो. या शीर्षकाखालचे पैसे काढून त्या शीर्षकाखाली टाकायचे, याला वर्गीकरण म्हणतात. घरात आपण गॅससाठी काढून ठेवलेल्या पैशातून लग्नाचा आहेर करतो, तसंच. आहेर करावाच लागतो, कबूल. पण महिनाअखेरीला सिलिंडर संपतो.

म्हणून कुठल्याही प्रभागात कुणी ट्रॅकबद्दल सांगायला लागलं, की मी दोनच प्रश्न विचारते : देखभालीला वेगळं शीर्षक आहे का, आणि मागच्या वर्षी त्यातले प्रत्यक्ष किती खर्च झाले. किती किलोमीटर झाले हा आकडा मी ऐकतच नाही. माझ्या दृष्टीने झाडला न जाणारा किलोमीटर मोजायचाच नाही.

हे मला शिकवलं ते झाडणाऱ्या ताईंनी. ते पहिले चारशे मीटर झकास आहेत त्याचं खरं कारण झाडं नाही, त्या आहेत. सकाळी सहा-सव्वासहाला मी निघते तेव्हा त्या रस्ता झाडत असतात. एकदा पाहिलं तर खांबांतून वाकून ट्रॅकवरची पानंही ओढून घेत होत्या. मी म्हटलं, "ताई, हेही तुमच्याकडेच असतं का?" त्या म्हणाल्या, "नाही हो काकू, माझं बीट त्या पांढऱ्या पट्टीपर्यंत. पण ही शेंग चिकट असते, ओली झाली की तुमची सायकल सरकते. तुम्ही पडलात तर मलाच उचलायला लागणार." बरोबर आहे. पर्जन्यवृक्षाची शेंग चिरडली की गुळासारखी चिकटते, त्यावर पाऊस पडला की घसरगुंडी. त्या रजेवर होत्या त्या आठवड्यात मी खरंच पडले, चौकाच्या अलीकडे, शेवाळ आणि शेंगा यांच्या मिश्रणावर. कोपर खरचटलं, टोमॅटो गेले. उचलायला रसवाला आला.

एक गोष्ट पालिकेच्या बाजूने लिहायलाच हवी. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात, एका कामाला ५ लाखांपर्यंत मर्यादा. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. मी चौकाजवळ, ट्रॅक जिथे एकदम संपून सहा इंचांची पायरी येते, तिथे उतार मागितला. सोबत मोजमापं आणि टेप धरलेला फोटो जोडला. खिडकीवरच्या मुलाने फोटो दोनदा पाहिला आणि विचारलं, "मॅडम, इंजिनिअर आहात का?" म्हटलं, "नाही, भाजी आणते."

उतार झाला! पुढच्या वर्षी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पण झाला. काँक्रीटचा, कडा नीट घोटलेल्या. दोन महिने मी तिथून मुद्दाम दोनदा जायचे. मग कुणीतरी केबल टाकायला बरोबर त्यातूनच चर खणला, आणि बुजवताना वर माती आणि राडारोडा लोटून गेले. एक तारा त्या उतारासाठी आहे. दुसरा चारशे मीटरसाठी, तो खरं तर ताईंचा.

या वर्षी पुन्हा फॉर्म भरलाय. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं : ट्रॅक झाडणे, रोज, दोन्ही बाजू. खाली मोजमापं लागतात म्हणून लांबी २२५० मीटर, रुंदी २ मीटर असं घातलं. पोच पावती फ्रिजवर लावली आहे.

वापरायचा असेल तर : सकाळी साडेआठच्या आत जा, नंतर चारचाकींचं पार्किंग सुरू होतं. पिशवी हँडलला नको, मागे कॅरिअरला बांधा. जुलै-ऑगस्टमध्ये डावीकडच्या कडेने चालवू नका, शेवाळ तिकडेच असतं. आणि रसवाल्याकडे आलं-लिंबू घालून मागा.