बोटीवरचं 78 डिग्रीचं पाणी (ओसाकाहून क्यूशूला रात्रीच्या बोटीने, 8 महिन्यांनंतर)

मागच्या शुक्रवारी रात्री साडेनऊला मी बोटीच्या लॉबीत उभी, हातात स्टीलचा डबा, डब्यात घरून भाजून, फोडणी घालून आणलेला उपम्याचा कोरडा रवा, आणि समोर गरम पाण्याच्या मशीनला कागद चिकटवलेला की बिघाड आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, खाली कमरेत वाकलेल्या बाईचं चित्र. भूक लागलेली असताना चित्रातली बाई वाकली काय नि न वाकली काय. या बोटीबद्दल लिहीन लिहीन म्हणून आठ महिने गेले, त्या कागदाने शेवटी लिहायला बसवलं.

मी ओसाकात, नवऱ्याची बदली क्यूशूत कोकुराला. होनशू आणि क्यूशू ही बेटंच, पण मध्ये समुद्राखालून बोगदा आहे, शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन सव्वादोन तासात सोडते, त्यामुळे बेटावरून बेटावर जातोय हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. पण शिनकानसेनचं तिकीट एका बाजूचं 15,000 येनच्या आसपास आणि बोटीचा सगळ्यात खालचा वर्ग मला साधारण 7,000 ला पडतो, शिवाय रात्र बोटीवर जाते म्हणजे शनिवार अख्खा हातात. आमच्या भागातून शिनमोजीला, म्हणजे कोकुराजवळच्या बंदराला, दोन कंपन्यांच्या बोटी रोज रात्री सुटतात, ओसाका, इझुमिओत्सु आणि कोबे अशा तीन बंदरांतून. मी कुठली वापरते ते लिहीत नाही कारण खाली तक्रार आहे आणि मला अजून त्यांच्याच बोटीने जायचंय. आजवर 11 फेऱ्या म्हणजे रविवारी रात्रीची परतीची धरून 22 रात्री. एक फेरी टायफूनमुळे रद्द झाली, पैसे न मागता परत आले, त्याबद्दल एक टाळी.

आमच्या घरात बोट म्हटलं की कोकणची बोट. आजोबा भाऊच्या धक्क्यावरून मालवणला जायचे, बोट बंदराला लागायचीच नाही, लांब पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं एकत्र किनाऱ्यावर. त्यामुळे मी बोटीने जाते म्हटल्यावर आईने आधी रामदास बोटीचं नाव काढलं (17 जुलै 1947, गटारीची अवस, सहाशेच्या वर माणसं गेली, आमच्याकडे ही गोष्ट लहानपणी पाढ्यांसारखी पाठ असते) आणि मग म्हणाली, बोट लागली तर लिंबू ठेव गं जवळ. लिंबू पहिल्या फेरीला नेलं, तसंच परत आणलं आणि सरबत करून प्यायले. इथे बोट लागतच नाही. हा सेतोचा आतला समुद्र, तिन्ही बाजूंनी मोठी बेटं, त्यामुळे एरवी पाणी अगदी परातीतल्यासारखं. बोट दोनशे मीटरच्या आसपास लांब, खाली तीन-चार मजले ट्रक आणि गाड्या भरलेल्या, हलणार कशाला. तुम्ही बसमध्ये ओकणाऱ्यांपैकी असाल तरी बिनधास्त जा.

खालच्या वर्गाला मी सतरंजी क्लास म्हणते. मोठी खोली, गालिचा, त्यावर ओळीने पातळ गाद्या, एक ब्लँकेट आणि एक उशी जी उशी नसून रेक्झिन लावलेला पाट आहे. बायकांची खोली वेगळी मिळते. मागच्या बाजूला इंजिनाची थरथर दातांपर्यंत पोचते, बुकिंग करतानाच पुढची जागा मिळते का बघायचं. घोरणाऱ्या आज्या असतातच, इअरप्लग न्या. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्यासारखं नाही, 7,000 मध्ये काय पलंग हवाय का.

आता पाणी.

मी शाकाहारी आहे, आणि बोटीवरच्या कॅन्टीनमध्ये मला खाता येईल असं म्हणजे भात, कोबीचं सॅलड आणि पिण्याचं पाणी. उडोन (जाड नूडल्स) दिसायला साधा, पण त्याचं पाणी माशाचं. म्हणून पहिल्या फेरीपासून मी उपम्याचा रवा नेते, लॉबीच्या कोपऱ्यात व्हेंडिंग मशीनांच्या ओळीत एक गरम पाण्याचं फुकट मशीन असतं, त्याचं पाणी ओतायचं, झाकण लावायचं, दहा मिनिटांत जेवण. खर्च शून्य. पण पहिल्यांदा रवा फुललाच नाही. दुसऱ्यांदा टी-बॅग टाकली तर पाण्याला नुसता गढूळ रंग आला. आल्याचा चहा तर सोडूनच द्या. तिसऱ्या फेरीला मी नवऱ्याचा स्वयंपाकाचा थर्मामीटर नेला, हो नेला, आणि मोजलं. 78 डिग्री. परतीच्या बोटीवर पुन्हा मोजलं, 79.

78 डिग्रीला काय होतं? जपान्यांचा हिरवा चहा होतो, त्याला 70-80 च लागतं, उकळतं पाणी घातलं तर कडू होतो. आपल्या चहाला उकळी लागते. भूगोल वेगळा, मान्य आहे, पण मग मशीनवर 'गरम पाणी' असं लिहू नका, 'कोमट' लिहा. नवरा म्हणाला, बारा तासांच्या प्रवासात तुला हेच सापडलं? हो, हेच सापडलं. 22 रात्रींतला प्रत्येक जेवणाचा प्रश्न आहे हा.

त्यात पुन्हा रांग. एप्रिल 2024 पासून इथे ट्रक ड्रायव्हरांच्या ओव्हरटाइमला वर्षाला 960 तासांची मर्यादा आली, बोटीवर झोपलेले तास विश्रांतीत धरले जातात, त्यामुळे कंपन्यांना रात्री ट्रक बोटीवर घालणं परवडतं. सरकारचा कायदा तिकडे आणि इकडे मशीनपुढे कप नूडल्स घेऊन आठ-आठ माणसं. मशीनची टाकी बहुतेक लहान असावी, मागच्याच्या वाट्याला आणखी थंड पाणी. एकदा माझ्या वाट्याला 71 आलं. डायरीत तारखेसकट आहे.

पाचव्या फेरीनंतर ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून जपानी तपासून घेऊन मी कंपनीला मेल टाकला, थर्मामीटरचे आकडे सगळे दिले. वाटलं होतं केराची टोपली. तीन दिवसांनी उत्तर आलं, पहिल्या चार ओळी नुसती माफी, मग कारण, की बोट हलते, लहान मुलं असतात, कुणी भाजू नये म्हणून तापमान मुद्दाम कमी ठेवलंय, पण आपण काउंटरवर थर्मास दिलात तर आम्ही स्वयंपाकघरातून उकळतं पाणी भरून देऊ. आणि दिलं हो! सहाव्या फेरीला काउंटरवरच्या मुलीने थर्मास दोन्ही हातांनी घेतला, पाच मिनिटांनी दोन्ही हातांनी परत दिला. 96 डिग्री. उपमा असा फुलला की झाकण वर आलं. त्या रात्री मी सगळ्यांना मेसेज टाकले की अशी सर्व्हिस जगात नाही, हा रिव्ह्यू तेव्हा लिहिला असता तर पाचपैकी सहा दिले असते.

जीव थंड झाल्यावर मग बाकीची बोट दिसायला लागली. आंघोळीचं म्हणजे पहिल्या चार फेऱ्या मी तिकडे फिरकलेच नव्हते, सगळ्यांनी एकत्र, काहीही न घालता, आमच्या आईला सांगितलं तर बोट बुडाल्यापेक्षा जास्त धक्का बसेल. पण परतीची बोट सोमवारी सकाळी साडेआठला लागते आणि मला दहाला ऑफिसात बसायचं असतं, आंघोळ करायची कधी? म्हणून गेले. आधी छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग हौदात. कुणी कुणाकडे बघत नाही हे ऐकलं होतं, खरं आहे. बोट वळली की हौदातलं पाणी सगळ्या बायकांना घेऊन एका बाजूला सरकतं, तेवढ्यापुरतं सगळ्या हसतात आणि पुन्हा गप्प. आता मी रात्री एकदा आणि सकाळी उघडलं की एकदा अशी दोनदा वसूल करते.

आणि पूल. आठच्या सुमाराला सुटलेली बोट साधारण नऊला आकाशी पुलाखालून जाते. दोन खांबांमधलं अंतर 1,991 मीटर. बांधायला घेतला तेव्हा ते 1,990 ठरलं होतं, 1995 च्या कोबेच्या भूकंपात खांब उभे झालेले होते आणि जमीन सरकली, मीटरभर वाढलं, मग उरलेला पूल त्या मापाने केला. 1998 च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. त्याच वर्षी जानेवारीत आपली कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली होती, हे मला त्या डेकवरच सुचलं. पूल आला की बोटी जातात, रेल्वे आली की बोटीची आठवणसुद्धा जाते. मध्यरात्रीच्या सुमाराला दुसरा पूल लागतो, सेतो ओहाशी, तो तर बोटीच्या अपघातातूनच आला, 1955 मध्ये शियुन मारू बुडाली, 168 जण गेले, त्यात सहलीला निघालेली शाळेची मुलं होती, आणि मग पूल हवाच म्हणून लोकांनी लावून धरलं, तो झाला 1988 ला. आईला हे सांगितलेलं नाही.

तिसरा पूल पहाटे दोनच्या आसपास, कुरुशिमाचा. तिथे एकदाच जागी राहिले कारण एका वयस्कर काकांनी डेकवर सांगितलं होतं की ही खाडी बघच. दोन चिंचोळ्या वाटा आहेत, भरती-ओहोटीचं पाणी 10 नॉटपर्यंत धावतं, आणि नियम असा की पाणी पाठीमागून येत असेल तर मधल्या वाटेने जायचं, समोरून येत असेल तर पश्चिमेच्या. म्हणजे पाणी फिरलं की वाहतुकीची बाजूसुद्धा फिरते. किनाऱ्यावर मोठे दिव्यांचे फलक असतात, त्यावर पाण्याची दिशा आणि वेग. पाण्याचा एवढा हिशोब ठेवणारी माणसं, आणि मशीनचं पाणी 78. असो.

तर मागचा शुक्रवार. काउंटर नऊला बंद होतं. मी दर वेळी थर्मास आधी भरून घेते आणि मग पुलासाठी वर जाते, त्या दिवशी निघायला उशीर झाला, पळत चढले, पूल चुकेल म्हणून आधी वर गेले. थंडीत वीस मिनिटं उभी राहिले, फोटो काढले, खाली आले तर काउंटरला शटर. म्हटलं ठीक आहे, मशीन आहे ना आपलं 78 वालं. तर त्याला तो कागद. आठ महिने ज्याला शिव्या घातल्या त्याच्याचसाठी गळा दाटून आला. मी चक्क नळाचं थंड पाणी रव्यात ओतलं आणि पंधरा मिनिटं वाट बघितली. वाळू भिजवली तर कशी लागेल, ती चव.

तेवढ्यात एक ट्रकवाले काका आले, कागद वाचला, जरासुद्धा चेहरा न हलवता मगमध्ये नळाचं पाणी घेतलं, शेजारच्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, दोन मिनिटं लावली आणि नूडल्सच्या कपात ओतलं.

तो मायक्रोवेव्ह पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. मशीनपासून दोन हातांवर. त्यावर गोठवलेल्या जेवणाच्या व्हेंडिंग मशीनचं स्टिकर आहे, म्हणून मी आठ महिने समजत होते की तो फक्त त्याच जेवणासाठी, नाण्यावर चालणारा. काकांना विचारलं, हे चालतं का? ते म्हणाले, का नाही चालणार. मी माझ्या कपात पाणी घेतलं, दोन मिनिटं लावली, आणि हो, मोजलं. 98. डिप बुडवली तर पहिल्यांदा या बोटीवर आपल्यासारखा चहा झाला. डब्यातली वाळू मात्र स्टीलच्या डब्यात होती, तो काही मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, ती मी तशीच गिळली.

नवऱ्याला शिनमोजीहून कोकुराच्या फुकटच्या बसमधून फोन करून सांगितलं तर तो एवढा हसला की बसमधल्या शेजारणीलाही ऐकू गेलं. आई म्हणाली, दशम्या करून ने की, तुझे आजोबा दुधातल्या दशम्या आणि लाल चटणी घेऊन दीड दिवस काढायचे, त्यांना कुठे गरम पाणी लागलं. हे ती पहिल्या फेरीच्या वेळीही म्हणाली होती, लिंबाच्या आधी.

तरी तिकीट परवडतं, समुद्र शांत आहे, हौद वसूल होतो. इंधनाचा अधिभार वेगळा लावतात तो मात्र बुकिंगच्या आधी बघून घ्या, तीनशे-चारशे येन इकडेतिकडे होतात आणि मला ते झोंबतं. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा डबा न्या. स्टीलचा नको.

ता. क. काल परतीच्या बोटीवर बघितलं, मशीन दुरुस्त झालंय, कागद काढलाय. 81.