धान्याचे रेल्वेभाडे: कॅनडाची मर्यादा की अमेरिकेची मोकळीक?

मडगावात पातळ भाजी-पाव खाताना त्यातला सुका वाटाणा कुठून आला, हे कोणी विचारत नाही. बऱ्याचदा तो कॅनडाचा असतो. आपल्या मुरगाव बंदरात माल रेल्वेने नाही तर ट्रकने तरी पोचतो. कॅनडाच्या प्रेअरी या सपाट धान्यपट्ट्यापासून व्हँकुव्हर बंदर हजार-दीड हजार किलोमीटर, मध्ये रॉकी पर्वत. ट्रक परवडत नाही, नदी नाही, रेल्वे कंपन्या मोठ्या दोनच. जागतिक भाव आधीच ठरलेला, त्यामुळे वाढीव भाडे शेतकऱ्याच्याच खिशातून जाते.

म्हणून कॅनडाने 2000 पासून प्रत्येक फेरीचे भाडे मोकळे ठेवले, पण रेल्वे कंपन्यांनी पश्चिमेकडचे धान्य वाहून वर्षाला किती कमवायचे, त्याला मर्यादा घातली. जास्तीची कमाई दंडासह धान्यसंशोधनाला जाते. (ही तरतूद मला भारी आवडते.)

अमेरिकेने 1980 च्या स्टॅगर्स कायद्याने भाडी बरीच मोकळी केली. मिसिसिपीवरचे बार्ज स्पर्धेला असल्याने तिथे ते निभावले. मोंटानाच्या गव्हाला बार्ज चालतील अशी नदी नाही. तिथली कुरकुर जुनीच.

मर्यादेची खोट (कमाई बांधलेली, तर जादा वाघिणी, म्हणजे मालडबे, कोण ठेवणार?) कॅनडात 2013-14 च्या हिवाळ्यात दिसली. पीक विक्रमी, थंडी कडाक्याची, वाघिणी अपुऱ्या. शेवटी सरकारने दोन्ही कंपन्यांना आठवड्याला पाच-पाच लाख टन हलवण्याचा हुकूम काढला. पण अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातही तेव्हा गाड्या रखडल्याच होत्या, म्हणजे मोकळिकीनेही वाघिणी आल्या नाहीत. पर्याय नसलेल्या शेतकऱ्यासाठी मी मर्यादाच निवडेन, मात्र वाघिणी पुरवण्याच्या सक्तीसकट.