टीवायचा प्रकल्प: डोळा घ्यावा की डोकं?

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला (टीवाय) मानसशास्त्र स्पेशल घेतलेल्यांचे फोन सुरू झालेत. प्रकल्प दृक्-संवेदनावर (डोळ्याला दिसतं त्याचा आपण काय अर्थ लावतो) करू, की स्मृती-अवधानावर (आठवण आणि लक्ष)? मी स्वतः डोळ्याच्या बाजूची, हे आधीच सांगते.

संवेदनाचं मोठं सुख म्हणजे आकडा थेट मिलिमीटरमध्ये हातात येतो. म्युलर-लायरचा भ्रम १८८९ चा. सारख्या लांबीच्या दोन रेघा, एकीच्या टोकांना बाणाची पाती, दुसरीच्या टोकांना उलटी पिसं. पिसांची रेघ लांब वाटते. मोजून दाखवली तरी वाटतेच. प्रयुक्त व्यक्ती, म्हणजे जिच्यावर प्रयोग करतो ती, पाटीवरची सरकती पट्टी हलवून एक रेघ लांब-आखूड करते, 'आता सारख्या' म्हणते, आपण मागची मोजपट्टी वाचायची. दहा वेळा रेघ जास्त लांब ठेवून सुरुवात, दहा वेळा जास्त आखूड ठेवून. वीस मिनिटांत माणूस मोकळा.

आमच्या कॉलेजातली लाकडी पाटी पावसाळ्यात फुगली होती. तीन मुलींचा आकडा हुबेहूब सारखा आला, तेव्हा कळलं की पट्टी जिथे अडकते तिथेच त्या थांबत होत्या. मग लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची पाटी केली. ती अजून चालते.

एक चूक दरवर्षी दिसते, ती टाळा. एप्रिलात भुसावळ रस्त्यावर दिसणारं 'पाणी' भ्रम म्हणून लिहू नका. मृगजळ मोबाइलच्या फोटोतही येतं. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो, ते भौतिकशास्त्र झालं. सातपुड्यामागून उगवताना थोरला वाटणारा चंद्र फोटोत मात्र एवढासाच येतो. तो आपला विषय.

आणि या बाजूला फक्त गमतीजमती आहेत असं समजू नका. जन्मांध माणसाला दृष्टी आली, तर हाताने ओळखीचा आकार तो नजरेने ओळखेल का, हा प्रश्न आयरिश विचारवंत मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये विचारला होता. अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या मुलांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तो तपासला. २०११ चं उत्तर: लगेच नाही, पण थोड्या दिवसांत जमतं.

आता डोकं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख स्वतःवरच प्रयोग करून मांडला. तुम्हाला मात्र माणसं लागतील, आणि तीच माणसं उद्याही. इथे घोडं अडतं. चोपडा-यावलच्या मुली एसटीच्या वेळेला निघतात, आणि दिवाळीनंतर अर्धा वर्ग कापूस वेचणीला. १९३५ ची स्ट्रूप चाचणी त्यातल्या त्यात सोपी, कारण ती एका बैठकीत होते: 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, आणि सांगायचा शाईचा रंग. मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं दोन्ही लिप्यांत तपासली, तर छान प्रकल्प होईल. रंगांधळेपणा आधी तपासा.

पुढे समुपदेशन किंवा क्लिनिकल करायचं असेल, तर स्मृती-अवधान जास्त कामी येईल, हे मान्य. बाकीच्यांनी पुठ्ठा कापायला घ्यावा.

स्मृतीच घेणार असाल, तर पाठ करायला द्यायच्या निरर्थक अक्षरांच्या याद्या पुण्याच्या पुस्तकातून जशाच्या तशा उचलू नका. 'तुना' प्रमाण मराठीत निरर्थक. आपल्या खानदेशच्या अहिराणीत तो 'तुझा' होतो, आणि धुळ्याच्या पोराच्या तो पहिल्याच फेरीत लक्षात राहतो. यादी आधी घरच्या आजीला वाचून दाखवा. ज्या शब्दाला ती हसेल, तो खोडा.