पगारावर जप्ती येण्याआधी: सोसायटीचं कर्ज, सेटलमेंट की लोकअदालत?

मी चाकणच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपायी घाबरलेला माणूस माझ्या टेबलाशी येतो, तो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘सॅलरी अटॅचमेंट नोटीस’ घेऊन. वर तराजूचं चित्र, खाली वसुली एजंटाचा मोबाइल नंबर. असल्या कागदावर मला कुणाचा एक रुपया कापता येत नाही. बँकेने आधी दावा लावायचा किंवा लवादाकडून निवाडा मिळवायचा, मग दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात अर्ज, टाकायची. त्या दरखास्तीत कोर्टाने कंपनीला हुकूम काढला की मात्र माझा इलाज संपतो. नाही कापले तर ते पैसे कंपनीच्या अंगावर येतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. 40,000 पगार असेल तर महिन्याला 13,000 जाऊ शकतात. एका हुकूमनाम्यापोटी (कोर्टाच्या निकालाच्या आदेशापोटी) एकूण 24 महिने. पीएफमधल्या रकमेला हात लागत नाही.

आता समजा थकबाकी 2,40,000 आहे. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 8,400 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,912. हे नुसतं मुद्दल जागच्या जागी ठेवायला.

पगार चालू असेल तर माझं मत सरळ आहे: सोसायटीचं, म्हणजे कामगारांच्या पतसंस्थेचं, कर्ज काढा, कार्ड पूर्ण फेडा. सोसायटी नसेल तर वैयक्तिक कर्ज, तेही नाही तर खुद्द कार्डाच्या बँकेकडे हप्ते बांधून मागा. 16 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता साधारण 8,440 पडतो, म्हणजे वर काढलेल्या जीएसटीसकट व्याजापेक्षाही कमी. सोसायटीचा हप्ताही पगारातूनच कापला जातो, पण तो आपण लिहून दिलेला असतो. गोम आहे ती जामीनदारांत. तुमचा हप्ता थकला की शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या पगाराला कात्री लागते. हे मी पाहिलंय, आणि त्यानंतर ते दोघं कँटीनमध्ये एका टेबलावर बसत नाहीत.

सेटलमेंट वेगळी. नोकरी गेली असेल, गावची जागा विकून किंवा भावाकडून एकरकमी पैसे हाताशी येणार असतील, तरच तिच्या वाटेला जा. बँक थोडी रक्कम सोडते, पण क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असं लागतं आणि पुढे घरकर्ज मागायला गेलात की ते आडवं येतं. भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लिहून घ्या. एजंटाचा तोंडी शब्द धरू नका. खात्रीचे पैसे नसताना पुढच्या तारखांचे चेक तर मुळीच देऊ नका. एरवी कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला, पण चेक न वटला की चेकांच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 138 खाली फौजदारी खटला होतो. ‘हप्ते थांबवा, आम्ही अर्ध्यात मिटवतो’ म्हणत फी उकळणाऱ्या एजन्सींना दारातूनच परत पाठवा.

लोकअदालतीची नोटीस आली की लोक सगळ्यात जास्त घाबरतात, खरं तर तिथे बळजबरी कसलीच नसते. कोर्ट फी नाही, तडजोड लेखी होते, बँकेलाही ती मोडता येत नाही. मात्र तिथला निवाडा हाच हुकूमनामा आणि त्यावर अपील नाही. सेटलमेंट मोडली तर बँकेला सहसा अजून दावा लावावा लागतो. इथला हप्ता चुकला की थेट दरखास्त. म्हणून खिशाला झेपेल तेवढंच कबूल करा.

कोर्टात लढणं मी दोनच वेळा सुचवीन: रक्कम चुकीची असेल तर, किंवा थकबाकीला तीन वर्षं उलटून दावा लावायची मुदत गेली असेल तर. मुदत संपत आलेली असताना लेखी कबुली दिलीत तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात, तेव्हा सही करताना जपून. बाकी वेळी वकील लावून निदान हप्ते मागा. हुकूमनामा करतानाच कोर्ट ते बांधून देऊ शकतं, नंतर मात्र बँक राजी असावी लागते. समन्स आलं की तारीख पाहा, समरी (झटपट निकालाच्या) दाव्यात हजर व्हायला 10 दिवसच मिळतात. आमच्याकडच्या एका फिटरचं समन्स गावच्या पत्त्यावर गेलं. भावाने सही करून घेतलं आणि देव्हाऱ्यातल्या फोटोमागे खोचून ठेवलं. निकाल एकतर्फी लागला, आणि त्याला कळलं ते माझ्याकडे हुकूम आल्यावर.

आणखी एक. कार्ड आणि पगाराचं खातं एकाच बँकेत असेल तर करारातल्या अटीवर बोट ठेवून बँक पगार परस्पर वळता करू शकते, त्याला कोर्ट लागत नाही. वर काहीही ठरवलंत तरी हे खातं आधी बदला. आमच्याकडे एक पानी अर्ज आणि रद्द केलेला चेक 20 तारखेच्या आत आला, तर त्याच महिन्याचा पगार नव्या खात्यात पडतो.