जुन्या गाडीत बिघाड निघाला तर? मालक, डीलर आणि 'सर्टिफाइड' गाडी यांची तुलना

समजा २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट घ्यायची आहे. कोथरूडमधला मूळ मालक ४ लाख ६० हजार म्हणतो. गाडीबाजारातला डीलर तसल्याच गाडीचे ४ लाख ९५ हजार सांगतो. कंपनीच्या शोरूमला जोडलेल्या जुन्या गाड्यांच्या विभागात ती 'सर्टिफाइड', म्हणजे तपासून प्रमाणित केलेली, म्हणून ५ लाख ४० हजारांना आहे, वर सहा महिन्यांची वॉरंटी. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण घरात चर्चा याच मुद्द्यावर अडते: वरचे ८० हजार नेमके कशाचे मोजायचे?

याचं उत्तर गाडी घेतल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कळतं. दुसरा गिअर सुटायला लागतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." तोपर्यंत तिन्ही गाड्या सारख्याच चकचकीत दिसतात. म्हणून तुलना किमतीपासून नको, त्या दिवसापासून करू. फोन कोणाला करायचा, उचलल्यावर तो काही करायला बांधील आहे का, आणि त्याने हात वर केले तर दाद कुठे मागायची?

जुन्या गाडीत दोष निघाला तर ठरावीक दिवसांत ती परत करता येईल, असा वेगळा कायदा भारतात नाही. ब्रिटनमध्ये डीलरकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर पहिल्या ३० दिवसांत ती नाकारून पैसे मागता येतात, त्यामुळे लंडनच्या पुतण्याचा सल्ला इथे लागू होत नाही. आपल्याला तीन कायद्यांतून वाट काढायची असते: १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. यातला कोणता कामाला येईल, हे विकणारा कोण आहे यावर ठरतं.

मूळ मालकाकडून

पैसे सगळ्यात कमी, संरक्षणही सगळ्यात कमी. ग्राहक आयोगातली तक्रार व्यापाऱ्याविरुद्ध, उत्पादकाविरुद्ध किंवा सेवा देणाऱ्याविरुद्ध असते. घरची एकुलती एक गाडी विकणारे बँकेतले काका यातले कोणीच नाहीत. त्यामुळे तो दरवाजा जवळपास बंद. उरतो दिवाणी दावा. त्याला मुदत तीन वर्षांची, पण गिअरबॉक्सच्या कामापेक्षा वकिलाची फी जास्त व्हायची.

शिवाय घेणाऱ्याने बघून-पारखून घ्यावं, ही मालविक्री कायद्याची मूळ भूमिका आहे. विकणाऱ्याने आपणहून दोष सांगितला नाही, एवढ्यावर फसवणूक ठरत नाही. करार कायद्याच्या कलम १७ खाली याची जी उदाहरणं दिली आहेत ती मुळातून वाचण्यासारखी आहेत. १८७२ सालचा कायदा, त्यामुळे उदाहरणं घोड्याची. लिलावात खोड असलेला घोडा विकला आणि मालक गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो", आणि तरीही मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

दीडशे वर्षांनंतर ही युक्ती व्हॉट्सअॅपवर जशीच्या तशी वापरता येते. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी मालकाला एक मेसेज टाका: "गाडीचा मोठा अपघात झालेला नाही, ती पुराच्या पाण्यात गेलेली नाही, मीटर बदललेलं किंवा मागे घेतलेलं नाही आणि इंजिन-गिअरबॉक्स खोललेले नाहीत, असं आपलं बोलणं झालं. यात काही चुकीचं असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा, नाहीतर हे बरोबर आहे असं धरून उद्या टोकन देतो." बोलणं खरोखर झालेलं असावं, एवढीच अट. प्रामाणिक माणूस लगेच उत्तर देतो. काही जण फोन करून "तसं डाव्या बाजूला थोडं डेंटिंग-पेंटिंग झालंय" असं हळूच सांगतात. तिथेच किंमत पाच-दहा हजारांनी उतरते. आणि उत्तरच आलं नाही तर पुढच्या नोटिशीला जोडायला कागद तयार असतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर "गाडी जशी आहे तशी घेतली" असं लिहून घेण्याची पद्धत आहे. त्याच कागदावर ही चार वाक्यंही यायला हवीत, नाहीतर तो स्टॅम्प फक्त विकणाऱ्याच्या कामाचा.

विकणारा गप्प बसला होता, पण साधी चौकशी केली असती तर खरं कळलं असतं, असं दिसलं तर करार रद्द करता येत नाही, हे करार कायद्याच्या कलम १९ मध्येच आहे. त्यामुळे ओळखीचा मेकॅनिक नेणं ही हौस नाही. जुनी विमा पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बघा. मालक "पाच वर्षांत ओरखडा नाही" म्हणतो आणि बोनस शून्य आहे, तर मधल्या काळात क्लेम झाला असण्याची दाट शक्यता. गाडी २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कोल्हापूर-सांगलीत किंवा २०२१ च्या जुलैमधल्या पुरात चिपळूणला असेल, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीटच्या पट्ट्यांवर गंज आहे का ते चाचपा. वरून गाडी धुता येते, पण या तीन ठिकाणचा गाळ बऱ्याचदा तसाच राहतो.

डीलरकडून

खरी गुंतागुंत इथे आहे. कायद्याच्या दृष्टीने डीलर व्यापारी आहे, त्यामुळे ग्राहक आयोग त्याच्याविरुद्ध तक्रार घेतो. मालविक्री कायद्यातही नेहमी तोच माल विकणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली तर ती विकण्यायोग्य दर्जाची असावी, अशी न लिहिलेली अट असते. तुम्ही गाडी तपासली असेल तर सहज दिसणाऱ्या दोषांबद्दल तक्रार उरत नाही, आतल्या दोषांबद्दल उरते. सात वर्षांची गाडी नव्यासारखी असावी, असा अर्थ त्यातून निघत नाही, हे वेगळं सांगायला नको.

ऐकायला हे छान आहे. पण बऱ्याच व्यवहारांत डीलर कागदावर असतच नाही. तो मालकाच्या सह्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) घेऊन ठेवतो, गिऱ्हाईक मिळालं की तुमचं नाव भरतो, आणि आरसी मालकाच्या नावावरून थेट तुमच्या नावावर येते. पैशांपैकी काही मालकाच्या खात्यावर, काही रोख. गिअर सुटायला लागल्यावर तो शांतपणे म्हणतो, "साहेब, गाडी त्यांची होती, मी तर मधला माणूस." मध्यस्थ म्हणून कमिशन घेतलं असेल तर सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते, पण कमिशन घेतल्याचा पुरावा कुठे आहे?

यावर उपाय आलेला आहे, फक्त गिऱ्हाईक तो मागत नाही. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते पाच वर्षांसाठी असतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ने तशी ऑनलाइन सूचना द्यायची, आणि त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी डीलरवर येते. अधिकारपत्राची प्रत मागितल्यावर डीलर काय चेहरा करतो, एवढ्यावरूनच निम्मा निर्णय होतो. दुसरी मागणी त्याच्या नावाच्या जीएसटी बिलाची. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो पूर्ण किमतीवर नाही, डीलरच्या नफ्यावर. "बिल घेतलं तर १८ टक्के वाढतील" म्हणून पाच लाखांवर नव्वद हजार सांगणारा डीलर तुम्हाला फक्त घाबरवतोय.

"इंजिन-गिअरबॉक्सची तीन महिने गॅरंटी, शब्द आहे आपला." हा शब्द बिलावर उतरवून घ्यायचा: कोणते भाग, किती महिने, किती किलोमीटर, मजुरी कोणाची. आणि बिलावर मीटरचं रीडिंग. नंतर अधिकृत वर्कशॉपच्या नोंदीत जुनं रीडिंग जास्त निघालं, तर "जशी आहे तशी" या ओळीच्या आड डीलरला लपता येत नाही. मीटर मागे फिरवून गाडी विकणं ही ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते, मग करारात काहीही लिहिलेलं असो.

सर्टिफाइड आणि ऑनलाइन

मारुतीचं ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईचं प्रॉमिस, टोयोटाचं यू ट्रस्ट हे कंपन्यांचे विभाग, आणि स्पिनी, कार्स२४ ही ऑनलाइन दुकानं. इथे बिल नीट मिळतं, कागदपत्रं बघितलेली असतात आणि वॉरंटी लेखी असते. ८० हजारांतला मोठा भाग याच शांततेचा आहे.

पण वॉरंटी हा एक करार आहे आणि त्यात जे लिहिलंय तेवढंच मिळतं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे बुश हे झिजणारे भाग म्हणून सहसा वगळलेले असतात. आपल्या उदाहरणात वाद इथेच होतो. तुम्ही म्हणता गिअरबॉक्स, वर्कशॉप म्हणतं, "क्लच संपलाय, तो वॉरंटीत नाही." म्हणून सही करण्याआधी तीन प्रश्न: एका क्लेमला आणि एकूण मिळून मर्यादा किती, सर्व्हिसिंग कुठे केली नाही तर वॉरंटी रद्द होते, आणि ती देणारं कोण? शोरूम, कंपनी की तिसरीच कोणी विमावजा संस्था? फलकावर कंपनीचं नाव आणि पुस्तिकेत भलत्याचंच, असंही असतं.

वॉरंटी म्हणजे पैसे परत, असंही नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या नव्या गाडीच्या प्रकरणात हेच सांगितलं. वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. नव्या गाडीला जे लागू, ते जुनीला जास्तच लागू.

ऑनलाइन दुकानांची खरी किंमत मला वॉरंटीपेक्षा परतीच्या मुदतीत दिसते. ती काही दिवसांचीच असते आणि किलोमीटरचीही मर्यादा असते. अटी बदलत राहतात, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट ठेवा. आपल्याकडे हे दिवस गाडीला हार घालण्यात आणि पेढे वाटण्यात जातात. त्याऐवजी घरचे चार जण बसवून, एसी लावून खंबाटकीचा घाट चढून या. गिअर सुटायचा असेल तर तिथे सुटेल, टेंपरेचरचा काटा चढायचा असेल तर तिथे चढेल, आणि हे सगळं परतीच्या मुदतीत कळेल.

या कंपन्यांच्या करारात "वाद फक्त गुरुग्रामच्या न्यायालयात" किंवा "लवादाकडेच (न्यायालयाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाकडे) जावं लागेल" अशी ओळ असली तर दचकू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. लवादाची अट ग्राहकाला आयोगात जाण्यापासून अडवू शकत नाही, हेही एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पक्कं झालं आहे.

चौथी वाट

या तिघांच्या तुलनेत एक पर्याय हमखास राहून जातो. मूळ कंपनीची शिल्लक वॉरंटी गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. मारुतीने ९ जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची वॉरंटी २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. म्हणजे २०२४ च्या दिवाळीत घेतलेली गाडी मूळ मालकाकडून मालकाच्याच भावात घेतली, तरी २०२७ च्या दिवाळीपर्यंत कंपनी मागे उभी असते, किलोमीटरची मर्यादा ओलांडलेली नसेल तर. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी अधिकृत ठिकाणी झालेलं असावं, आणि वाढीव वॉरंटी घेतली असेल तर ती तुमच्या नावावर करून घ्यावी. बजेट तेवढं ताणता येत असेल तर माझं मत डोळे झाकून या पर्यायाला. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मात्र डोळे उघडून: काही कंपन्यांची बॅटरीची 'आजीवन' वॉरंटी फक्त पहिल्या मालकासाठी असते.

बिघाड निघालाच तर

गिअरबॉक्स लगेच खोलू नका. उतरवल्यावर "तुमच्याच गॅरेजवाल्याने बिघडवला" हे उत्तर ठरलेलं. आधी अधिकृत वर्कशॉपमध्ये तारीख आणि किलोमीटर घातलेलं जॉब कार्ड आणि दोषाचा लेखी अहवाल घ्या, मग विकणाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस, मग दुरुस्ती. काढलेले भाग सांभाळून ठेवा. जुन्या गाडीचे दावे बहुतेकदा याच ठिकाणी कोसळतात: दोष विकण्याआधीचा होता हे तक्रारदाराला दाखवता येत नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की मोठ्या कंपन्या बऱ्याचदा हलतात. छोटा डीलर त्याला भीक घालेलच असं नाही. त्यानंतर जिल्हा आयोग. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार तिथेच चालतात, ५ लाखांपर्यंतच्या गाडीला फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ धरून चाला. गाडी टुरिस्ट परवान्यावर असली तरी पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच, पाच गाड्या भाड्याने लावणाऱ्याला हा मार्ग मिळत नाही.

विम्याचंही त्याच आठवड्यात उरका. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवलं नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

आता त्या स्विफ्टचं. काका ओळखीतले असतील, सर्व्हिसच्या नोंदी सलग असतील आणि त्या मेसेजला सरळ उत्तर आलं, तर मी ४ लाख ६० हजारांची घेईन आणि उरलेल्या ८० हजारांतले ४० गाडीच्या नावाने बाजूला ठेवीन. साधी पेट्रोल, मॅन्युअल गाडी आहे, गिअरबॉक्सचं काम त्यात निघावं. ऑटोमॅटिक किंवा टर्बो डिझेल असती तर हे गणित उलटतं. तिथे एकच दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते, म्हणून सर्टिफाइडचे जास्तीचे पैसे द्यावेत. मधला डीलर मी तेव्हाच धरीन, जेव्हा अधिकारपत्र भिंतीवर लावलेलं असेल आणि बिलावर विकणारा म्हणून त्याचंच नाव येईल. यातलं एकही नसेल तर ४ लाख ९५ हजारांत डीलरचा भाव आणि मालकाइतकंच संरक्षण, असा सगळ्यात वाईट सौदा पदरात पडतो.