लोकांना पटवून देणं शिकायचंय? नागपुरात मासकॉम, एलएलबी की एमबीए

‘करिश्मा’, म्हणजे लोकांना आपल्याकडे ओढून घेण्याची ताकद, या नावाची पदवी नागपुरात कोणी देत नाही. विषय मात्र शिकवला जातो, तोही तुकड्यातुकड्यांनी. मासकॉमला, म्हणजे जनसंवादाला, प्रचार आणि जनसंपर्क, विधी शाखेत युक्तिवाद, एमबीएला नेतृत्व आणि वाटाघाटी, तर मानसशास्त्रात माणसाचं मत कसं बनतं आणि कशाने बदलतं ते. पदवी हातात घेऊन पुढचं ठरवणाऱ्याने म्हणून आधी एक पाहावं: आपल्याला नेमकं कोणाला पटवायचंय?

मुळात हे शिकून येतं का, ही शंका रास्त आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या मते करिश्मा टिकतो तो अनुयायी मानतात तोवर. म्हणजे निम्मी गोष्ट वक्त्याच्या हातात नाहीच. दुसरीकडे, स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाचे जॉन अँटोनाकिस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये व्यवस्थापकांना आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांना काही ठरावीक तंत्रं शिकवून पाहिली. रूपक, गोष्ट, श्रोत्यांना टाकलेला प्रश्न, तीन मुद्द्यांची मांडणी, आवाजाचा चढउतार, हातवारे. शिकल्यावर त्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना जास्त प्रभावी वाटलं. कीर्तन ऐकत वाढलेल्याला ही यादी ओळखीचीच वाटेल. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन यातलं बहुतेक सगळं गावोगावी केलं, एकही सेमिस्टर न भरता.

खरी निवड मला मासकॉम आणि एलएलबी यांच्यातच दिसते. नागपूर विद्यापीठाच्या जनसंवाद विभागात दोन वर्षांचं एमए करता येतं. इथे तुम्ही समोर नसलेल्या माणसाला पटवायला शिकता. वाचक किंवा प्रेक्षक कोण, त्याला आधीपासून काय वाटतं, पहिल्या ओळीत काय द्यायचं आणि काय मागे ठेवायचं. या अभ्यासाला नागपूरसारखं शहर मिळणं ही चैनच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. एकाच मागणीवर मोर्चातलं भाषण ऐका, मंत्र्यांचं सभागृहातलं उत्तर मिळवा आणि दुसऱ्या दिवशीची बातमी शेजारी ठेवा. प्रचाराच्या सिद्धांताचा निम्मा पेपर तिथेच सुटतो. कमतरता एवढीच की तुमचा मजकूर कोणाला पटला नाही तर तो माणूस तुम्हाला सांगायला येत नाही. पान उलटतो आणि मोकळा होतो.

वकिलीत उलट. समोर एकच माणूस बसलेला असतो, न्यायाधीश. त्याला पटवायचं असतं आणि तो मध्येच तोडतो. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या लुटुपुटुच्या खटल्यात, पहिली दोन वाक्यं होत नाहीत तोच प्रश्न येतो, आणि पाठ केलेलं भाषण तिथेच संपतं. वर, ज्या बाजूवर आपला विश्वास नाही तीही मांडावी लागते. माझ्या मते बोलणं सुधारायला याहून कडक तालीम दुसऱ्या कुठल्या शाखेत नाही. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी सीईटी देऊन विद्यापीठाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयात करता येतं. बारावीनंतरच ठरलं असेल तर क्लॅट या प्रवेश परीक्षेतून राष्ट्रीय विधी विद्यापीठ, वारंगा. शिवाय उच्च न्यायालयाचं खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्येच आहे. तिथे चांगला वकील आवाज न चढवता किती कमी बोलतो, हे एकदा पाहून यावं.

पण एलएलबीची किंमतही मोजा. तीन वर्षांतला मोठा भाग प्रक्रिया, करार आणि मालमत्तेचे कायदे वाचण्यात जातो. मूट करणारे वर्गात मूठभर असतात, आणि त्याच्या स्पर्धा बहुतेक इंग्रजीत. परीक्षेपुरतं कॉलेजला येणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

एमबीएबद्दल थोडक्यात. मिहानमधल्या आयआयएममध्ये कॅटमधून प्रवेश मिळत असेल आणि कॉर्पोरेटमध्येच जायचं असेल तर प्रश्नच नाही. केसवरच्या, म्हणजे कंपन्यांपुढच्या पेचप्रसंगांवरच्या, चर्चेत रोज बोलावं लागतं. पण फी दहा लाखांच्या वर जाते. निव्वळ बोलायला शिकण्यासाठी एवढं कर्ज काढणं मला पटत नाही. साध्या कॉलेजात तर ‘प्रेझेंटेशन’ म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणं, हेच बरेचदा चालतं.

मानसशास्त्राचं एमए ज्याला ‘का’ हा प्रश्न छळतो त्याच्यासाठी. विषयात खरा रस असलेला श्रोता मुद्दे तोलतो आणि नसलेला वक्त्याचा रुबाब पाहून मान डोलावतो, हे पेटी आणि कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये नीट मांडलं. ते वाचून कळेल. उभं राहून बोलायची सवय मात्र त्यातून लागणार नाही.

शाखा कुठलीही घ्या, नागपूरच्या पोरांची एक अडचण तशीच राहते. मुलाखतीत ‘मी कोर्स करून राहिलो’ असं निघालं की पोरगं वरमतं, आणि पुढची पाच मिनिटं प्रमाण भाषा सांभाळण्यातच जातात. मुद्दा हातचा सुटतो तो तिथे. आपल्या बोलीत ठामपणे बोलणारा माणूस उसनी भाषा चाचपत बोलणाऱ्यापेक्षा जास्त पटतो. धरमपेठेतल्या महागड्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासात नेमकी ही बोलीच आधी घासून काढतात, म्हणून मी तिकडे पाठवणार नाही. त्यापेक्षा टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या, क्लबात जावं. घड्याळ लावून बोलायचं, मग एक जण चुका सांगतो, दुसरा तुमचे ‘अं… अं…’ मोजतो. काम जास्त करून इंग्रजीत चालतं, पण खर्च क्लासच्या मानाने किरकोळ.

आणि सगळं पटवणं माइकसमोर होतं असंही नाही. १९२० च्या काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाला बंगालचे नेते चित्तरंजन दास असहकाराला विरोध करायला मोठा जथा घेऊन आले होते. शेवटी असहकाराचा ठराव मांडला तो त्यांनीच. मंडपातल्या भाषणांआधी गांधीजींशी त्यांची बोलणी झाली, तडजोड झाली, तिथे ते घडलं. वाटाघाटीचा हा भाग मासकॉमला जवळपास नसतो, एलएलबीत थोडा आणि एमबीएत सगळ्यात जास्त असतो.

तेव्हा लिहायची, मोहीम चालवायची ओढ असेल तर जनसंवाद. समोरच्याशी भिडायचं असेल आणि तीन वर्षं देता येत असतील तर एलएलबी, पण पहिल्याच वर्षी मूटला नाव द्यायचं. प्रवेश घेण्याआधी सध्या शिकणाऱ्या दोघा-तिघांना गाठा आणि एवढंच विचारा: मागच्या सेमिस्टरला तुम्ही स्वतः किती वेळा उभं राहून बोललात, आणि त्यातल्या चुका तुम्हाला कोणी सांगितल्या का?