वाऱ्याच्या तलावावर मरळ धरायची, तर कयाक कुठली घ्यावी?

गेल्या हंगामात मला तिघांनी एकच प्रश्न विचारला: कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची लहान लांबट होडी घ्यायची आहे, कुठली घेऊ? तिघांनीही अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या शिकारी माशाचे व्हिडिओ रात्र रात्र बघितलेले. बास आपल्या तलावांत नाही आणि कुणी आणून सोडूही नये. जपानात १९२५ साली तो आशी सरोवरात सोडला, पुढे देशभर पसरला आणि तिथल्या लहान माशांवर असा उठला की २००५ पासून त्याच्यावर परकी जीवांच्या कायद्याचा बडगा आला. सह्याद्रीच्या पाण्यात असे कितीतरी मासे आहेत जे जगात दुसरीकडं कुठंच मिळत नाहीत. त्यांच्यावर ही वेळ यायला नको.

पण आपली मरळ शिकारीत बासच्या तोडीची आहे. गवताच्या कडेला दबा धरायचा आणि बेडूक हलला की झडप घालायची, ही दोघांची रीत. म्हणून रबरी बेडूक, जाड ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी आणि गवताच्या फटीत गळ टाकायची पद्धत इथंही चालते. फरक वाऱ्याच्या वेळी पडतो. बासवाले मुद्दाम वारा धडकतो त्या काठाला जातात, कारण वाऱ्यानं बारीक जीव तिकडं लोटले जातात, त्यांच्यामागं बारीक मासे आणि त्यांच्यामागं बास. मरळ मात्र अधूनमधून वर येऊन हवा घेते. सपाट पाण्यावर ती जागा लगेच दिसते, लाटा आल्या की काहीच दिसत नाही. मग गवतासमोर थांबून एकेक फट शोधत बसावं लागतं. म्हणजे होडी एका जागी थांबली पाहिजे. मासेमारीची कयाक निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघतो, गळ अडकवायच्या नळ्या किती आहेत ते नंतर.

फुगवायच्या कयाकचं सुख खरं आहे. घडी घातली की डिकीत बसते आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्यानं नेता येते. माझी पहिली तीच होती. भुदरगडकडच्या एका तलावावर सकाळी सात वाजता पाणी आरशासारखं होतं. दहाच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटला. मी गवतापासून वीसेक फुटांवर होतो. बेडूक फेकायचा, दोन झटके द्यायचे, तोवर होडी गवतात घुसलेली. वल्हं मारून मागं यायचं, गळ उचलायचा, परत तेच. तासाभरात चार फेकी धड झाल्या नाहीत. ही होडी हलकी, पाण्यावर उंच बसते आणि तिच्या फुगीर बाजू शिडासारखा वारा धरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी दहा किलोमीटरला जे जमतं, ते वीसला अजिबात जमत नाही. तरीही जो फक्त हिवाळ्यातल्या सकाळी लहान पाझर तलावावर जाणार आणि दहाच्या आत घरी येणार, त्यानं ती खुशाल घ्यावी. बुडाला बसवायची माशाच्या परासारखी उभी पट्टी मात्र काढून ठेवू नये, सरळ रेषेत जाणं तिच्यावरच अवलंबून असतं.

कडक प्लास्टिकची, वर बसायची कयाक दहा फुटी असली तर साधारण पंचवीस-तीस किलो भरते. गाडीच्या टपावर चढवताना दुसरा माणूस लागतो. पण पाण्यावर ती सखल बसते आणि लांबट असल्यानं नाकासमोर सरळ चालते. पुराच्या पाण्यात गुऱ्हाळाच्या काहिलीतून कधी पलीकडं गेला असाल तर हे वेगळं सांगायला नको. काहील गोल, एका बाजूनं वल्हं मारलं की जागेवरच गरगरते. कयाकचा सगळा फायदा त्या लांबीत आहे. रुंदीही बघा. ऐंशी सेंटिमीटरच्या आसपासची असेल तर बसून गळ खेळवताना आडव्या लाटेचं भय वाटत नाही. वारा असताना उभं राहून फेकायचा नाद मात्र कुठल्याच कयाकवर करू नये.

पेडलच्या कयाकमध्ये पाय होडी धरून ठेवतात आणि हात गळाला मोकळे राहतात. वाऱ्यात याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण ती जड आहे, त्या पैशात मोटारसायकल येते, आणि जलपर्णी किंवा शेवाळ असलं की खालची यंत्रणा गुरफटते. मरळ तर बसते गवतातच. त्यामुळं आपल्याकडं मी तिची शिफारस करत नाही. मोठ्या मोकळ्या पाण्यात शिवडा माशामागं फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आता नांगर, कारण इथंच माणसं चुकतात. दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, पण तो कयाकच्या मधोमध बाजूला कधीही बांधू नका. वारा आणि दोरी एकमेकांच्या उलट ओढतात, होडी आडवी होते आणि लाट आत येते. नाकापासून शेपटीपर्यंत कडीतून फिरणारी दोरी लावा. नांगराची कडी तिला अडकवा आणि बसल्या जागेवरून ओढून टोकाला न्या. मग कयाक आपोआप वाऱ्याच्या रेषेत उभी राहते. दोरीचं हातातलं टोक एका झटक्यात सुटेल असंच बांधा. धरणांच्या पोटात जुन्या झाडांचे खुंट असतात, नांगर अडकला तर तो सोडून निघता आलं पाहिजे. जिथं नांगर टाकायला भीती वाटते तिथं दोरीला लहान बादली बांधून मागं सोडा. ती पाणी धरते आणि वाहण्याचा वेग निम्म्यानं तरी कमी जाणवतो. मरळीच्या कितीतरी जागा मी अशा संथ वाहतच गाठल्या आहेत.

निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. पाण्यावर पांढरा फेस सगळीकडं दिसायला लागला, म्हणजे वारा ताशी वीसच्या पुढं गेला. तेव्हा काठावर यायचं आणि काठावरूनच गळ टाकायचा. पावसाळ्यात मरळीची जोडी लालसर पिल्लांचा थवा राखत फिरते. त्या जोडीवर बेडूक फेकू नका, ती लगेच घेते आणि मागं पिल्लं उघडी पडतात. तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यावर असेल तर आधी त्यांना विचारा, आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर गळ काढूच नका.

तिघांपैकी एकाला अंगण आहे आणि भाऊ सोबत असतो. त्याला कडक कयाक सांगितली, सेकंडहँड मिळाली तरी चालेल, फक्त बूड उलटं करून चिरा तपासायच्या. दुसरा राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्याला फुगवायची, सकाळच्या अटीवर. तिसऱ्याला पोहता येत नाही. त्याला म्हटलं, लाइफ जॅकेट लागेलच, पण हा उन्हाळा आधी मामाच्या विहिरीत घाल.